मुठीपासून हक्कापर्यंत



जूनमध्ये वह्यावाटप, दिवाळीत फराळवाटप, थंडीत ब्लँकेटवाटप आणि एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सरकारी रुग्णालयात फळवाटप, असे आपल्याकडच्या समाजकार्याचे वार्षिक वेळापत्रक जवळजवळ ठरून गेले आहे. या कामांमागचा हेतू मी वाईट मानत नाही. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला ब्लँकेट मिळाले की त्याची थंडी खरोखरच कमी होते, आणि त्या सुखाला कमी लेखण्याचा अधिकार उबदार घरात झोपणाऱ्या कोणालाही नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. पुढच्या हिवाळ्यात ब्लँकेट आले नाही, तर त्या माणसाला कोणाला काही विचारता येते का? येत नसेल, तर त्या मदतीने त्याची एक गरज भागवली आणि वस्तीतले त्याचे स्थान मात्र होते तिथेच ठेवले. आज मला मांडायचे आहे ते असे: स्थानिक समाजाने रोजच्या जगण्यातून सेवाकार्याला आणि सामाजिक न्यायाला हातभार लावायचा असेल, तर त्याची कसोटी दिलेल्या रकमेत शोधू नये. घेणाऱ्याचा मागण्याचा, विचारण्याचा आणि वेळ आली तर भांडण्याचा अधिकार त्यातून वाढला की नाही, हे पाहावे. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या सामाजिक इतिहासात या म्हणण्याला पुरेसा पुरावा आहे, असे मला वाटते.

गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याच्या आपल्याकडच्या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली वार लावून जेवण्याची. आठवड्याचे सात दिवस, सात घरे, आणि ज्या वारी ज्या घरी पान मांडले जाईल तिथे जेवून शिकणारा मुलगा. निर्धन ब्राह्मण कुटुंबांतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या या आधारावर शिकल्या, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मुलाने कुठे बसायचे, घरातली कोणती कामे मुकाट्याने करायची, किती वाढून घ्यायचे, हे यजमानाच्या मर्जीवर असे. एखादा वार सुटला तर त्या दिवशी उपाशी राहायचे. दाद मागायला जागा नव्हती. आणि ही सगळी सोय जातीच्या उंबरठ्याच्या आतच फिरत होती. दुसरी रीत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. या मुलांसाठी घरोघरच्या बायका दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते गोळा करून वसतिगृहात आणले जाई.

दोन्ही रीतींत मुलाच्या पोटात जाणारे अन्न सारखेच होते. वेगळी होती ती मांडणी, आणि माझ्या मते सगळा फरक त्या मांडणीत आहे. मुष्टिफंडात एका घराची मूठ बंद झाली तरी वसतिगृहाची चूल बंद पडत नव्हती. त्यामुळे कोणत्याही एका घराला मुलांवर उपकाराची मालकी सांगता येत नव्हती. धान्य एकत्र मिसळले की कोणाच्या घरचे कोणाच्या ताटात गेले, हे सांगता येत नाही. आपल्या पंगतीला ज्याला बसू दिले नसते अशा मुलालाही ते घर जेवू घालत होते. शिवाय मूठ देणारी बाई स्वतः श्रीमंत नव्हती. आज ती देत होती, उद्या तिचाच मुलगा त्या वसतिगृहात दाखल होऊ शकत होता, आणि तिथे तो कोणाचा आश्रित म्हणून जाणार नव्हता. देणारा आणि हक्क सांगणारा हे दोन वेगळे वर्ग तिथे उरलेच नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्रासह आपले दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या त्यागापुढे मान लवावीच. पण दागिने एकदाच मोडता येतात. त्या त्यागाने एक कठीण काळ निभावला; वर्षानुवर्षे चालणारी संस्था मात्र घरोघरच्या मुठीनेच उभी राहू शकते, कारण मूठ रोज काढता येते आणि तिच्यासाठी कोणाला संत व्हावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आपल्या जवळचेच आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना भूदानाची वाट सापडली आणि पुढच्या वर्षांत त्यांनी देशभर पायी फिरून चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान मिळवले. मागण्यामागे इतकी नैतिक ताकद उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण स्वतंत्र भारतात क्वचितच सापडेल. तरीही त्या जमिनीचा मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचला नाही. काही जमीन खडकाळ होती, काही वादात अडकलेली होती, काहींची कागदपत्रे पुरी झाली नाहीत. याचे एक कारण मला असे दिसते की कोणती जमीन द्यायची हे देणाऱ्याने ठरवले होते आणि ती मिळाली नाही तर तगादा लावण्याची ताकद घेणाऱ्याच्या हाती आलेली नव्हती. देणाऱ्याच्या मनातला पालट ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढ्यावर घेणाऱ्याचे पोट अवलंबून ठेवता येत नाही. हे मी विनोबांवरच्या आदरासकटच म्हणतो आहे.

केवळ कायदा आणि ठराव यांनीही काम भागत नाही, हे महाडने शिकवले. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला. महाड नगरपालिकेनेही पुढे आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तोपर्यंत तिथे अस्पृश्यांना ओंजळ भरण्याची सोय नव्हती. आणि पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांना मार खावा लागला. तळ्याच्या वादाचा न्यायालयातला निकाल पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. म्हणजे पाणी अडवत होते ते शेजारी. सरकार त्या वेळी, निदान कागदावर, वाट मोकळी करून बसले होते. याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी, १८६८ मध्ये, ज्योतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्याला विधिमंडळाची परवानगी लागली नाही. एका कुटुंबाने आपल्या दाराशी असलेली गोष्ट खुली केली आणि त्याबद्दलचा रोष सोसला. आणि स्वातंत्र्यानंतर, राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केल्यावर, १९५५ चा कायदा झाल्यावरही १९७२ मध्ये बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा ही मोहीम काढून गावोगाव फिरावे लागले, कारण विहिरी अजून वेगळ्या होत्या. सामाजिक न्याय शेवटी कुठे घडतो किंवा अडतो, याचे उत्तर या तीन प्रसंगांत आहे. तो विहिरीच्या काठावर, पंगतीत, दुकानाच्या फळीवर आणि शाळेच्या बाकावर अडतो. तिथे जे रोज उभे असतात त्यांनाच तो सोडवता येतो.

मदतीचे रूपांतर हक्कात कसे होते, याचे सगळ्यात पूर्ण उदाहरण मात्र रोजगार हमीचे आहे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण आपण ते विसरत चाललो आहोत. १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला. ज्याला काम हवे त्याला गावाजवळ काम द्यायचे, आणि त्या कामातून जमिनीची, पाण्याची, रस्त्याची अशी टिकाऊ मत्ता उभी करायची. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर लागू झाली. त्या दुष्काळात अन्नछत्रे होती, धान्याची मदत होती, शहरांतून कपड्यांची गाठोडी जात होती. पण खडी फोडायला आलेल्या बायका आणि पुरुष मागत होते ते काम, आणि मोर्चे काढत होते ते मजुरीसाठी. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला, आणि मागेल त्याला काम हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य ठरले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राच्या याच अनुभवाची पुंजी होती. या योजनेला पैसा कुठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा एक लहानशी रक्कम कापली जाऊ लागली, इतर काही करांवर अधिभार बसला, आणि तेवढीच भर राज्याच्या तिजोरीतून पडायची होती. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते आणि राज्यघटनेने तिला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. मुष्टिफंडाचे तत्त्व इथे राज्याच्या पातळीवर आलेले मला दिसते. ज्याला नियमित पगार आहे त्याने दरमहा आपली मूठ बाजूला काढायची, आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याने ते काम उपकार म्हणून न घेता कायद्याने मागायचे. ठाण्यातल्या कारकुनाचे आणि सांगोल्यातल्या मजूर बाईचे नाते या एका कपातीने जोडले, आणि त्या दोघांनी एकमेकांचे तोंड पाहण्याची गरज पडली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मग हे सारे सरकारनेच करावे. आपण कर भरतो. स्थानिक समाजाने आणखी काय करायचे? वस्तीतल्या वर्गण्यांनी सरकारला जबाबदारीतून मोकळे सोडल्यासारखे होते, असेही काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सरकारी शाळेचे गळके छप्पर दरवर्षी देणगीतून दुरुस्त होत राहिले, तर ते दुरुस्त करण्याचे ज्याचे काम आहे त्याला कोणी विचारतच नाही. पण रोजगार हमीचाच अनुभव बघावा. कायदा सगळ्या जिल्ह्यांना एकच होता, तरी सगळीकडे तो सारखा चालला नाही. जिथे मजुरांच्या संघटना होत्या, जिथे कोणी शिकलेली व्यक्ती मागणीचा अर्ज भरून देत होती, तारखेनिशी पोच घेत होती आणि पंधरा दिवस उलटल्यावर तहसील कचेरीत जाऊन बसत होती, तिथे कामे निघाली. बाकी ठिकाणी कायदा पुस्तकात राहिला. म्हणून माझे म्हणणे असे की, स्थानिक मदतीचा उत्तम उपयोग छप्पर स्वतः बांधून देण्यात नाही. छप्पर मागणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्यात आहे. ज्याला लिहिता येते त्याने अर्ज लिहून द्यावा. ज्याला दुपारी वेळ आहे त्याने विधवा निवृत्तिवेतनाच्या कामाला निघालेल्या बाईबरोबर कचेरीत जावे, कारण सोबतीला दुसरे माणूस असले की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो. हिशेब कळणाऱ्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने बचत गटाची वही तपासून द्यावी. ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याने डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून एकदा पोहोचवावे. यांपैकी कशालाही देणगीची पावती मिळत नाही, पण माणूस त्याच्या हक्काच्या गोष्टीपर्यंत पोहोचतो. छप्पर पडायला आले असेल आणि मुले आत बसत असतील, तर ते आधी दुरुस्त करावे आणि मग भांडावे, हे सांगायला नको. फक्त ते भांडण टळू देऊ नये.

दानाचा विचार करताना आपण बहुधा दूरच्या गरिबाकडे पाहतो आणि रोज आपल्या दारात येणाऱ्या माणसाशी असलेला व्यवहार न्यायाच्या हिशेबात धरत नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायकांची गोष्ट या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. या बायकांपैकी बहुतेक दलित. उकिरड्यातून भंगार वेचणे हे काम आहे, ते करणारी व्यक्ती कामगार आहे, तिला ओळखपत्र मिळाले पाहिजे, ही संघटनेची पहिली मागणी होती. २००८ पासून याच बायकांच्या स्वच्छ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. कुटुंबाने दरमहा ठरलेले शुल्क द्यायचे आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगाराची विक्री वेचकांकडे राहायची. आता या व्यवस्थेत एका सामान्य घराने न्यायाला हातभार लावायचा म्हणजे काय करायचे? ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, म्हणजे तिला उष्ट्या अन्नात हात घालावा लागत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडके न उघडता बाजूला काढता येते. या लाल ठिपक्याची मोहीम वेचकांच्या संघटनेनेच चालवली. आणि शुल्क वेळेवर द्यायचे. दिवाळीला तिला साडी देणारे घर महिनोन्महिने हे शुल्क थकवत असेल, तर त्या साडीने काहीही भरून निघत नाही. साडी देणाऱ्याच्या इच्छेची, शुल्क तिच्या कामाचे. हाच हिशेब घरकामाला येणाऱ्या बाईच्या आठवड्याच्या सुट्टीला, आजारपणातल्या पगाराला आणि रखवालदाराच्या पाळीच्या तासांना लावावा. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईची तिथे नोंदणी झाली आहे का, एवढे पाहणे कोणत्याही देणगीहून कमी मोलाचे नाही. एखाद्या इमारतीत तिने वेगळ्या लिफ्टने जायचे असा दंडक असेल, तर तो दंडक सोसायटीच्या वार्षिक सभेत हात वर करून रद्द करता येतो. महाडच्या तळ्याइतकाच तो शेजाऱ्यांच्या हातातला विषय आहे.

आता सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे येतो. स्थानिक समाजावर एवढा भरवसा ठेवावा का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाला स्पष्ट विरोध केला होता, आणि तो त्यांच्या अनुभवातून आलेला होता. पाणी अडवणारे शेजारी, गावातून काढणारे शेजारी, वाळीत टाकणारेही शेजारीच. जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे इतकी पुढे आली की, महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा समाज म्हणजे आपोआप चांगुलपणा, असे मी मानत नाही. उलट, या आक्षेपामुळेच माझी कसोटी अधिक आवश्यक ठरते. गावाची एकजूट कोणाच्या हक्काला वाट देते आहे, हे विचारल्याशिवाय त्या एकजुटीचे कौतुक करू नये. वर्गणी सगळ्या गावाकडून घ्यायची आणि पालखी ठराविक वस्तीकडे वळवायचीच नाही, असे जिथे होते तिथे ती वर्गणी अन्यायाचेच साधन बनते.

पण गावाची तीच एकजूट दुसरे काही करू शकते, हेही आपण पाहिले आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा गावात पाळल्या जाऊ नयेत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हे अनुकरण करायला सांगितले. सामाजिक न्यायाचा हा विषय पैशाने सुटणारा नव्हताच. विधवेला शिलाई मशीन देता येते, आणि द्यावेही. पण तिच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात तिला मागच्या खोलीत बसावे लागते, त्याला मशीन उपयोगाचे नाही. हेरवाडने ठराव केला, आता तो पाळला जातो की महाडच्या ठरावासारखा कागदावर राहतो, हे हळदीकुंकवाची आमंत्रणे कोणाकोणाच्या घरी जातात यावर ठरणार. अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडायला पुढे होणारी बाई आणि तिला हाताला धरून थांबवणारी बाई, दोघी त्याच गल्लीतल्या असतात. थांबवणारीला बळ देणे हे त्या गल्लीचे काम आहे, आणि ते तिला एकटीवर टाकू नये. ज्या घरात हा प्रसंग येईल त्या घरी गल्लीतल्या चार बायकांनी आधीच जाऊन बसावे, एवढी साधी तयारीसुद्धा पुष्कळ काही वाचवू शकते.

दुसऱ्या बाजूने डावे मित्र विचारतील की, अशा लहान लहान गोष्टींनी रचना बदलते का? मालकी, मजुरी, जमीन हे प्रश्न लाल ठिपक्याने सुटतात का? नाही सुटत. पण रचना बदलणारे लढे कशावर उभे राहिले, हे त्याच इतिहासात पाहावे. १९६९ चा माथाडी कायदा हा असंघटित कष्टकऱ्यांसाठी झालेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ठरलेला मालक नसतो, तरी त्याला भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि औषधपाणी मिळावे, म्हणून मजुरीवर लेव्ही बसवून ती मंडळाकडे जमा करण्याची व्यवस्था त्याने आणली. तो कायदा आकाशातून पडला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीने आधी वर्षानुवर्षे सभासद नोंदवले, लहान वर्गण्या गोळा केल्या, पावत्या फाडल्या, बैठका घेतल्या. त्या पावतीवरच्या रकमेने कोणाचे दारिद्र्य गेले नाही. मात्र पावती हातात असलेला हमाल सभेत उठून बोलू लागला. त्याच हमाल पंचायतीने १९७४ मध्ये कष्टाची भाकर सुरू केली, कमी दरात सकस जेवण देणारी. तिथे जेवणारा हमाल पैसे मोजून जेवतो आणि भाकरी कच्ची निघाली तर तक्रार करतो. अन्नछत्रात तक्रार करता येत नाही. मोठ्या लढ्याला लागणारी सवय अशा जागी लागते, आणि सवय नसलेला समाज मोर्चाला एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही.

मग एखाद्या गावाने किंवा प्रभागाने प्रत्यक्षात कुठून सुरुवात करावी? जिथे बोलण्याचा अधिकार आधीच दिलेला आहे पण वापरला जात नाही, तिथून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमली. तिच्यात पाऊण सभासद पालक असायला हवेत, निम्म्या स्त्रिया असायला हव्यात आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. पण बैठक दुपारी बारा वाजता ठेवली की रोजंदारीवर जाणारी आई येत नाही. आली तर तिचा रोज बुडतो. अशा गावात वह्या वाटणाऱ्या मंडळाने एका वर्षी वह्यांऐवजी एवढेच करावे: बैठक संध्याकाळी होईल असे पाहावे, लहान मुलांना सांभाळायला दोन मुली ठेवाव्यात आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त साध्या मराठीत मोठ्याने वाचून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी, दहा टक्के महिला व बालकांसाठी आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायचा असतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. किती गावांत या पैशाचा हिशेब त्या त्या माणसांसमोर वाचला जातो? हा प्रश्न विचारायला फार धैर्य लागते असे नाही, फक्त एकट्याने विचारला तर तो विचारणारा एकटा पडतो. म्हणून आठ-दहा जणांनी ठरवून विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या सभेतही विचारावा. गणेशोत्सवाच्या मंडळांकडे आज जेवढी माणसे, जेवढी घरोघरची ओळख आणि जेवढा उत्साह आहे तेवढा कुठल्याही सेवाभावी संस्थेकडे नाही. धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन, पावती देऊन वर्गणी जमवणारी मंडळे त्याच पद्धतीने वर्षभराची लहान मासिक वर्गणी जमवू शकतात. अट एकच असावी: त्या निधीच्या समितीत ज्यांच्यासाठी तो जमतो त्यांची माणसे निम्मी तरी असावीत, आणि त्यांना नकार देण्याचा अधिकार असावा. सफाई कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची की त्यांच्या आईवडिलांना हातमोजे आणि गमबूट मिळेपर्यंत महापालिकेच्या मागे लागायचे, हे त्यांनी ठरवावे. ते ज्याला हो म्हणतील त्यात पैसा घालावा.

शेवटचा आक्षेप पैशाच्या अपहाराचा आणि प्रसिद्धीचा आहे, आणि या दोन्ही गोष्टींना घाबरून अनेक सज्जन माणसे काहीच करत नाहीत. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते. त्यामागे घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये ही फार सुंदर भावना आहे आणि फळ देताना रुग्णाचा फोटो काढणाऱ्यांनी ती आधी शिकावी. पण गुप्ततेचा एक तोटाही आहे: जे गुप्त आहे त्याचा हिशेब कोणी मागू शकत नाही. म्हणून गुप्तता कुठे ठेवायची हे नीट ठरवले पाहिजे. कोणाला मदत मिळाली त्याचे नाव झाकलेले असावे. किती जमले, कशावर गेले, किती उरले आणि कोणाची मागणी कोणत्या कारणाने नाकारली, हे मात्र गावाच्या फलकावर लावावे. नाकारण्याचे कारण लिहिणे सगळ्यात महत्त्वाचे, कारण ज्याला नाही म्हटले त्याला ते कारण चुकीचे आहे असे सांगता यावे. रुपयांचे हिशेब बहुतेक संस्था ठेवतात. नकारांचा हिशेब जवळजवळ कोणीच ठेवत नाही. दरमहा दहा रुपये देणाऱ्या घराला आणि त्या निधीतून औषध घेणाऱ्या घराला तो फलक वाचण्याचा सारखाच अधिकार असावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो महिन्यातून एकदा त्यांच्याच वस्तीत, त्यांच्या सोयीच्या वेळी वाचून दाखवावा.